उंदीर, उताणा उंदीर आणि द्वारकाअक्का

आजही कुणाच्या मांडीवर लॅपटॉप दिसला आणि त्याच्या खालच्या गुळगुळीत चौकोनावर एखादं बोट सहज फिरताना दिसलं, की मला द्वारकाअक्का आठवते. आठवली की पोटात थोडं जळतं. इतकी वर्षं झाली, आता तरी माणसाने शहाणं व्हावं, हे मला कळतं. पण खरं तेच सांगायचं तर मी तिच्यावर जळत होतो आणि अजूनही पुरता विझलेलो नाही.

जळगावला नवी पेठेत रामभाऊंचा छापखाना होता. लग्नपत्रिका, केळीच्या आडत्यांची लेटरहेडं, बिलबुकं, दहाव्या-तेराव्याची कार्डं, सगळं तिथे छापलं जाई. द्वारकाअक्का तिथे माझ्या आधी पंधरा-सोळा वर्षांपासून होती. माहेर साक्रीकडचं, राहायला मेहरूणला, शिक्षण सातवी. छापून झालेल्या मजकुराचे शिशाचे खिळे सुटे करायचे आणि ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे, हे तिचं काम. हे काम ती खणांकडे न बघता करायची. तोंडाने कुणाशी तरी भांडत असायची आणि हात इकडे ‘क’च्या खणात ‘क’ आणि ‘ळ’च्या खणात ‘ळ’ टाकत असायचा. खिळ्यांवर अक्षरं उलटी असतात, त्यामुळे तिला सुलट्यापेक्षा उलटं वाचणं सोपं जाई.

तिच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता. म्हणजे मुळाशी थोडा होता, पण पेरापासून वरचा भाग ट्रेडल मशीनने नेला होता. ती नवीन असताना कागद लावायला हात आत गेला आणि मशीनने ऐकलं नाही. त्याबद्दल ती कधी हळहळली नाही. बशीतून चहा प्यायची तेव्हा बशी चार बोटांवर तोलून धरायची, आणि थेंब सांडायचा नाही. मी पाच बोटांनी धरून पँटवर सांडायचो.

मग छापखान्यात कॉम्प्युटर आला आणि त्याच्यामागून मी आलो. माझं गाव धुळ्याजवळचं. नाशिकला सहा महिन्यांचा कोर्स करून सर्टिफिकेट घेऊन आलो होतो. ते फ्रेम करून घरी भिंतीवर लावलं होतं, आणि गावात वडील मला ‘कॉम्प्युटरवाला’ म्हणत. रामभाऊंनी माझ्यासाठी काचेची केबिन केली. अख्ख्या छापखान्यात कूलर फक्त तिथेच. जळगावच्या उन्हाळ्यात ही काय चीज आहे, ते जळगावकरांना सांगायला नको. केबिनच्या दाराशी चपला काढायच्या असा नियम होता, आणि तो मी सगळ्यांना पाळायला लावत असे, रामभाऊंना सुद्धा. खिळे भंगारात गेले. अक्काला रामभाऊंनी पत्रिका घडी करायला बसवलं. काचेतून ती मला दिसायची आणि मी तिला. मला वाटायचं, ती माझ्याकडे बघते आहे. ती बघायची ते माझ्या हाताकडे.

एके दिवशी दारातून म्हणाली, “इतला जोर कसाले लावस रे भाऊ? ते काय पळी जाई ऱ्हायनं का?”

मी माउस घट्ट धरायचो, हे खरं. आमच्याकडे सगळंच घट्ट धरतात. पण पत्रिका घडी करणाऱ्या बाईने सांगावं, हे मला झोंबलं. मी म्हणालो, “अक्का, हे तुमच्या कामाचं नाही.” अहिराणी माझीही बोली होती, पण केबिनमध्ये मी ती बोलत नसे.

पहिला फटका बसला तो खंडेनवमीला. छापखान्यात त्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा होते. ट्रेडलला, कटिंग मशीनला हार घातले. केबिनमधली पूजा मी स्वतः केली, माझ्या यंत्रांना दुसऱ्याने हात लावलेला मला चालत नसे. मॉनिटरला कुंकू, कीबोर्डला कुंकू, आणि माउस हे मुख्य हत्यार म्हणून त्याला हळद-कुंकू पाण्यात कालवून चांगलं भरघोस लावलं, वर अक्षता. दसऱ्यानंतर कामाला बसलो तर बाण फक्त आडवा जाई. वर-खाली हलायलाच तयार नाही. मी माउस आपटला, फुंकर मारली, मशीन बंद करून चालू केलं. रामभाऊ घाम पुसत मागे उभे. मी नाशिकला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, माणूस चार दिवसांनी येईल. मी रामभाऊंना गंभीरपणे सांगितलं, “कंपनीचा माणूसच लागेल. आतली गोष्ट आहे.”

अक्का दाराशी चपला काढून आत आली. तिने माउस उचलला, उताणा केला, खालची गोल चकती दोन बोटांनी फिरवली, आणि तिच्या तळहातात टपकन एक रबरी गोळी पडली. माउसच्या पोटात गोळी असते आणि ती बाहेर निघते, हे मला ठाऊक नव्हतं. सर्टिफिकेटात ते नव्हतं. तिने अंबाड्यातला आकडा काढला आणि आतल्या बारीक चाकांवरून हळदीचा थर खरवडला.

“उंदराना पोटमा कुंकू गयं,” ती म्हणाली. “पूजा वरथून करतस, भाऊ. पोटमा नही.”

बाण सरळ वर गेला. रामभाऊ मोठ्याने हसले. मी पण हसलो, कारण नाही हसलो तर वाईट दिसलं असतं. त्या दिवसापासून ती दर शनिवारी उंदीर साफ करायला केबिनमध्ये यायला लागली, आणि माझ्या पोटातली आग चालू झाली ती तेव्हापासून.

साफ केल्यावर तो नीट चालतो का, हे बघायला ती थोडा हलवून बघायची. मग थोडा जास्त. मग मी जेवायला गेलो की ती माझ्या खुर्चीत. माझ्या डब्यातलं मिरचीचं लोणचं पण मला न विचारता घ्यायची, पण त्याचा मला राग नव्हता. राग होता तो खुर्चीचा. ती मनगट हलवायची नाही. माउस चार बोटांच्या टोकांत अलगद धरायची आणि बोटंच हलवायची, रांगोळीची चिमूट सोडावी तशी.

रावेरचे एक केळीचे आडते लेटरहेड करायला आले. त्यांना वर कोपऱ्यात केळीचा घड हवा होता. मी दोन दिवस खपून तो घड काढला. आडत्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला, आणि विचारलं, “ही केळी आहेत का गवार?”

मी म्हणालो, “जरा बारीक आली आहेत.”

“बारीक नाही हो. उलटी आली आहेत. जळगावात बसून केळं खाली वळवता?”

मी धुळ्याकडचा, बाजरी-कापसातला. घडावर केळी वरच्या बाजूला वळतात, हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. मी जेवायला गेलो, पण जेवण गेलं नाही, तसाच परत आलो. माझ्या खुर्चीत अक्का. पडद्यावर घड. एक फणी झाली होती, दुसरी होत होती, आणि प्रत्येक केळं वर बघत होतं. मी दाराशी चपला हातात धरून उभा राहिलो. त्या वेळी मला वाटलं, ही बाई मेहरूणच्या तलावात जाऊन बुडाली तरी मला चालेल. इतकं वाईट वाटलं होतं, म्हणून लिहितो. लगेच शरम पण वाटली, पण आधी वाटलं ते हेच.

पुढे रामभाऊंनी कुठून तरी जुनं मशीन उचलून आणलं. त्याच्या माउसची गोळी खाली नव्हती, वर होती. माउस जागेवर बसलेला आणि आपण गोळी फिरवायची. माझं डोकं फिरलं. गोळी जोरात फिरली की बाण पडद्याच्या पार कोपऱ्यात जाऊन बसायचा. अक्काने बघितल्या बघितल्या त्याचं नाव ठेवलं, ‘उताणा उंदीर’. ही गोळी बहुतेक लोक अंगठ्याने फिरवतात. तिला अंगठाच नाही, तेव्हा तिला हे जमणार नाही म्हणून मी खूश होतो. तिने दोन बोटांनी ती अशी फिरवली की जणू पोळीसाठी गोळा हातात घेतला आहे. पंधरा मिनिटांत तिला तो कह्यात आला. मला महिनाभरात आला नाही, आणि मी रामभाऊंना सांगून तो काढून टाकायला लावला. कारण सांगितलं, जागा फार अडवतो.

उन्हाळ्यात तिची एक सवय होती. छापखान्यामागे पोरं कॅरम खेळायची, त्यांच्या डबीतली चिमूटभर पावडर ती बोटांना चोळून यायची. मी विचारलं, ही कसली फॅशन? म्हणाली, “घाम कामले आंधळं करस.” मला ते नाटक वाटलं. ते नाटक नव्हतं हे कळायला लॅपटॉप यावा लागला.

लॅपटॉप आला सत्याण्णव की अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला. रामभाऊंचा बेत मोठा होता. पत्रिकेतली नावं कोणाची वर, कोणाची खाली, यावर आमच्या खानदेशात लग्न मोडायची वेळ येते. तेव्हा गिऱ्हाइकाच्या घरीच लॅपटॉप घेऊन जायचं, सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर मजकूर पक्का करायचा, आणि यायचं. हे जमलं तर धुळ्याला आग्रा रोडला शाखा काढायची, आणि त्या शाखेचा ताबा एकाला द्यायचा. मला तो हवा होता. धुळे म्हणजे माझं गाव हाताशी, आणि वडिलांना दाखवायला पाटीवर माझं नाव. अक्कालाही तो हवा होता. साक्रीला तिची म्हातारी आई एकटी होती, आणि धुळ्याहून साक्री एसटीने तास-दीड तासावर. तिने हे मला स्वतः सांगितलं होतं, लोणचं खाता खाता.

लॅपटॉपला माउस नव्हता. कळांच्या खाली एक छोटा करडा चौकोन, त्याच्यावर नुसतं बोट फिरवायचं, आणि त्याखाली दोन बटणं. अक्काने दोन मिनिटं बोट फिरवून बघितलं आणि सांगितलं, “उंदराले हाकलनं पडस, उताणा उंदराले गोंजारनं पडस. हाई पाटी शे. इले फक्त इचारनं पडस.”

मला ती पाटी मुळीच विचारू द्यायची नाही. माझ्या बोटाला घाम, त्यामुळे बाण भरकटायचा. अंगठा मी खालच्या बटणावर ठेवायचो, आणि टाईप करताना तो पाटीला लागला की मजकूर कुठल्या तरी भलत्याच ओळीत जाऊन बसायचा. अक्काचा अंगठा लागायचा प्रश्नच नव्हता. ती बटण दाबायचीच नाही, पाटीवरच बोटाने हलकीशी टिचकी मारायची. मी हट्टाने जुना माउस लॅपटॉपला लावून पिशवीत घातला आणि पहिल्या कामाला धुळ्याला निघालो. रामभाऊंनी अक्काला पण बरोबर पाठवलं. मी एसटीत तिच्याशी बोललो नाही.

धुळ्यातलं ते घर मोठं होतं, माणसं त्याहून मोठी. नवरदेवाचे आजोबा आबा पंच्याऐंशीचे, लोडाला टेकून मधोमध बसलेले. टेबल नव्हतं. आम्हाला गादीवर बसवलं. गादीवर माउसची गोळी फिरेना. मी ताट मागितलं, ताट उपडं ठेवून त्यावर माउस ठेवला, तर गोळी स्टीलवरून नुसती घसरायची. मग जेवायला बसायचा पाट आणला, तर तो ओबडधोबड. आबांनी विचारलं, “हा काय खेळ चालू शे?” सगळे हसले. मी माउस पिशवीत टाकला आणि पाटीवर आलो. अक्का शेजारी बसून वेलबुट्टी कशी घ्यायची ते बायकांना समजावत होती. मध्येच माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “अंगठा वर धर, भाऊ.”

मी ऐकलं. आणि मुद्दाम खालीच ठेवला.

मजकूर पक्का झाला, सगळ्यांनी वाचला, आबांनी मान हलवली. मी उठणार तेवढ्यात कोणाला तरी आठवलं, मधल्या काकांचं नाव राहिलं. ते दोन वर्षांपूर्वी वारले होते. मी ते नाव घातलं आणि त्याच्या आधी ‘कै.’ घातलं. एसटीची वेळ झाली होती. अक्का म्हणाली, “एकडाव वाची ले.” मी म्हणालो, “मला शिकवू नका, अक्का,” आणि झाकण खाडकन बंद केलं.

पत्रिका छापल्या, गेल्या. चार दिवसांनी छापखान्यासमोर जीप थांबली. नवरदेवाचे थोरले काका उतरले आणि त्यांनी पत्रिका रामभाऊंसमोर आपटली. मागून दोघांच्या आधाराने आबा स्वतः. पत्रिकेत मधल्या काकांचं नाव साधं होतं, आणि त्याच्या वरच्या ओळीत ‘कै.’ आबांच्या नावापुढे जाऊन बसलं होतं.

आबा खुर्चीत बसले, पाणी प्याले, आणि शांतपणे म्हणाले, “म्हणजे मी मरी गऊ का रे?”

काकांनी विचारलं, “हे कोणी केलं?” रामभाऊंनी आमच्या दोघांकडे पाहिलं. मला माहीत होतं कोणी केलं. माझ्या अंगठ्याने केलं. मला तोंड उघडायचं होतं, पण धुळे डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि मी गप्प राहिलो. इतकंच नाही. गप्प राहताना मनात आलं की हे तिच्यावर गेलं तर बरंच होईल. हेही मी लिहून टाकतो.

अक्का पुढे झाली. आबांच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, “आबा, चूक मनी. मना अंगठा लागी गया व्हई.”

बोलताना तिने उजवा हात पदराखाली घेतला होता.

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “जाऊ दे, बाई. आजून चालता-फिरता शे, दखी लेतीन लोक.” काका गुरगुरले, पण आबांनीच मिटवलं म्हटल्यावर पुढे काही चाललं नाही. पत्रिका परत छापून द्यायच्या ठरल्या. रामभाऊंनी एकदा पदराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि चहा मागवला. चहा मी प्यालो.

आठ दिवसांनी रामभाऊ मला म्हणाले, “धुळ्याला तू जा. लॅपटॉप ने.” मला वाटलं, त्यांच्या लक्षात आलं नाही. माणूस किती मूर्ख असू शकतो! मी तिला निरोप द्यायला पण गेलो नाही. काचेतून मान हलवली, तिने पण हलवली. माझी खुर्ची तिला मिळाली, आणि केबिनमधला कूलर. साक्री मात्र तिच्यासाठी होती तेवढीच लांब राहिली.

धुळ्याला मी एकटा होतो. दुकानाच्या पाटीवर नाव लागलं, वडील येऊन बघून गेले. काम चाललं. समोर काच नव्हती, काचेपलीकडे कोणी नव्हतं. सुरुवातीला मला वाटायचं, ती बघते आहे. हळूहळू ते पण वाटेनासं झालं. उन्हाळ्यात मी कॅरमची पावडर आणून टेबलावर ठेवली. कोणी विचारलं तर सांगायचो, हे शास्त्र आहे.

दोन वर्षांनी खंडेनवमीला रामभाऊंनी निरोप पाठवला, छापखान्याची सगळी हत्यारं एकत्र पुजायची, लॅपटॉप घेऊन ये. मी गेलो. पूजा झाल्यावर चहा पिताना रामभाऊ सहज बोलल्यासारखं बोलले. धुळे त्यांनी आधी अक्कालाच देऊ केलं होतं. अंगठ्याचं त्यांना तिथल्या तिथेच कळलं होतं, त्यांच्याच मशीनने तो नेला होता.

“मग?” मी विचारलं.

“नको म्हणाली. म्हणाली, ‘त्याले जाऊ द्या. तठे मना हात देखाले भेटाव नही, मंग त्याना हात आपोआप हलका व्हई.’”

मी बशी खाली ठेवली. उपकार केला म्हणावा, तर त्यात टोमणा होता. टोमणा म्हणावा, तर तो खरा होता. मला तिचा रागच आला, दुसरं काही सुचेना म्हणून. तिने स्वतःची आई सोडली आणि मला धुळे दिलं, आणि तेही माझं औषध म्हणून. यात सुद्धा तिचा हात माझ्यापेक्षा वरचढ होता, आणि ते मला सहन होत नव्हतं.

केबिनच्या दाराशी चपला काढल्या. ती माझ्या खुर्चीत बसली होती, म्हणजे तिच्या. केस पांढरे झाले होते. समोरच्या मॉनिटरला वरून एकच कुंकवाचा ठिपका, माउस कोरडा. मी लॅपटॉप उघडून तिच्यासमोर टेबलावर ठेवला. मी माफी मागायला आलो होतो, पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

“अक्का, धुळाना कामना नमुना दखाडू का?”

पहिल्यांदाच मी तिच्याशी आमच्या बोलीत बोललो होतो. ती हसली, खुर्ची सरकवली. मी पाटीवर बोट ठेवलं. एक पत्रिका उघडली, दुसरी उघडली, एका पत्रिकेतलं वेलबुट्टीचं टोक सरळ केलं. बाण जिथे सांगेन तिथे जात होता. ती पडद्याकडे बघत नव्हती. ती नेहमीसारखी माझ्या हाताकडे बघत होती, आणि मग तिने पदर तोंडाला लावला.

“भाऊ,” ती म्हणाली, “तुना अंगठा कोठे गया रे?”

मी खाली बघितलं. माझा अंगठा तळव्यात पूर्ण दुमडलेला होता, आणि बाहेर चारच बोटं दिसत होती.